विचारा बिनधास्त: गरम झालेली गाडी परत सुरूच होत नाही

मे महिना आला की या सदराकडे येणारे निम्मे प्रश्न एकाच दुखण्याचे असतात. सकाळी गाडी एका सेल्फला सुरू, दुपारी कुठेतरी थांबून परत किल्ली फिरवली की ठप्प, आणि अर्ध्या तासाने काही झालंच नाही अशी चालू. म्हणून या वेळी सगळे तसलेच प्रश्न एकत्र घेतलेत. पहिल्या पत्राला लांबलचक उत्तर दिलंय, तुमची गाडी वेगळी असली तरी ते वाचा कारण पुढे तेच तेच परत लिहिणार नाही.

प्रश्न: नमस्कार काका. माझी २०१४ ची छोटी पेट्रोल गाडी आहे, ८५ हजार किलोमीटर झालेत. पुण्याहून येताना खंबाटकी चढून आलो की चहाला थांबतो, दहा-पंधरा मिनिटांनी गाडी सुरू करायला गेलं की सेल्फ मस्त फिरतो पण इंजिन पकडतच नाही. अर्धा-पाऊण तास थांबलं की लगेच सुरू. गॅरेजमध्ये नेली की तिथे मात्र एकदम शहाण्यासारखी वागते. आतापर्यंत बॅटरी बदलली, प्लग बदलले, मग टाकीतला पंप बदलला, फरक शून्य. आता मेकॅनिक म्हणतो ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) गेला असेल. काय करू? (एक वाचक, कराड)

उत्तर: ईसीयूला आधी हात लावू देऊ नका. तो खराब होतच नाही असं नाही, पण त्याचा नंबर रांगेत शेवटचा लागतो आणि तुमच्याकडे अजून पहिलीच तपासणी झालेली नाहीये. तुम्ही स्वतःच लिहिलंय की सेल्फ मस्त फिरतो, मग बॅटरी का बदलली? सेल्फ जोरात फिरतोय म्हणजे बॅटरी, तिच्या केबली, सेल्फ मोटर हे सगळं त्या घडीला ठीक आहे, तो विषय तिथेच संपला. सेल्फ फिरतोय का नाही या एका गोष्टीवरून सगळा तपास दोन वेगळ्या रस्त्यांना लागतो आणि गंमत म्हणजे हे बघायला एक रुपया लागत नाही, फक्त कान लागतात.

आता गाडी बंद केल्यावरच का बिघडते ते समजून घ्या म्हणजे पुढचं सोपं जाईल. इंजिन चालू असताना कूलंट फिरत असतं, समोरून वारा लागत असतो, त्यामुळे बोनेटखालची उष्णता आटोक्यात राहते. तुम्ही घाट चढून आलात आणि किल्ली बंद केली की पाणी थांबलं, वारा थांबला, पण इंजिनच्या लोखंडात साठलेली उष्णता कुठे जाणार, ती हळूहळू आजूबाजूच्या सेन्सर, वायरी, कनेक्टर, पेट्रोलच्या पाइपात शिरते. म्हणजे गाडी बंद केल्यावर पहिली दहा ते तीस मिनिटं हे भाग चालू गाडीपेक्षाही जास्त तापतात. तुमचा चहा नेमका त्याच वेळात बसतो. आणि गॅरेजवाला काय करतो, गाडी आली की आधी बोनेट उघडतो. बोनेट उघडलं की वाफ गेली, सेन्सर गार झाला, चोर पळाला. त्यामुळे तुमच्या मेकॅनिकला सांगा की गाडी वीस-पंचवीस किलोमीटर पळवून आणायची, बोनेट बंदच ठेवायचं, पंधरा मिनिटं हात लावायचा नाही आणि मग किल्ली मारायची. जी काही तपासणी करायची ती गाडी हटून बसलेली असतानाच करायची. सुरू झाल्यावर केलेल्या तपासणीचा या दुखण्यात काडीचा उपयोग नाही.

तशी हटली की स्कॅनर लावा. २०१३ नंतरच्या गाडीला ओबीडी-२ चं, म्हणजे ईसीयूमधली माहिती वाचायचं, सॉकेट असतंच, स्टेअरिंगखाली बघा, साधा ब्लूटूथवाला डोंगल आणि मोबाईल पण चालतो. कोड (बिघाडाचा नंबर) आहे का एवढंच बघून लोक स्कॅनर काढून ठेवतात, मला हे अजिबात पटत नाही. लाइव्ह डेटा उघडा आणि सेल्फ मारताना दोन आकडे बघा, आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) आणि कूलंटचं तापमान.

सेल्फ फिरताना आरपीएम साधारण २०० ते ३०० च्या आसपास दिसायला पाहिजे. तिथे सरळ शून्य दिसत असेल तर संशयित क्रँक सेन्सर, आणि तुमच्या पत्रातली लक्षणं वाचून माझा पहिला पैसा त्याच्यावरच आहे. हा सेन्सर क्रँकशाफ्ट (पिस्टनने फिरणारा इंजिनचा मुख्य दांडा) कुठल्या स्थितीत आहे ते ईसीयूला सांगतो, त्याचा सिग्नल नसेल तर ईसीयूच्या हिशेबाने इंजिन थांबलेलंच असतं, म्हणून तो ना ठिणगी देतो ना इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा भाग) उघडतो. जुन्या पद्धतीच्या सेन्सरमध्ये केसासारख्या बारीक तारेचं वेटोळं असतं, ती तार कुठेतरी तडकली की गार असताना टोकाला टोक टेकून काम चालतं आणि तापून प्रसरण पावली की सुटते. परत गार झाली की जुळते. हॉल टाइपच्या सेन्सरमध्ये आतलं इलेक्ट्रॉनिक सर्किटच उष्णतेने दगा देतं. बऱ्याच वेळा या सेन्सरचा कोड पी०३३५ पडतो, पण पडेलच असं नाही, इंजिन बंद असताना आरपीएम शून्य असणं ईसीयूला कधी कधी स्वाभाविकच वाटतं. त्यामुळे चेक इंजिनचा दिवा नाही म्हणजे सेन्सर चांगला हा निष्कर्ष काढू नका.

खात्री करायची सोपी युक्ती. गाडी हटलेली असताना क्रँक सेन्सर शोधा (गिअरबॉक्स जिथे इंजिनला जोडलाय तिथे किंवा पुढच्या पुलीजवळ असतो, मॉडेलप्रमाणे बदलतं) आणि त्याच्यावर गार पाण्यात भिजवलेलं फडकं दोन-तीन मिनिटं धरा. लगेच गाडी सुरू झाली तर तुम्हाला गुन्हेगार सापडला. बादलीभर पाणी ओतू नका, तापलेल्या एक्झॉस्टवर गार पाणी पडलं तर दुसरंच काहीतरी तडकेल. उलटी परीक्षा पण घेता येते, सकाळी गार गाडी चालू करून सेन्सरला हेअर ड्रायरची गरम हवा द्यायची, बंद पडली तर झालं. आणि हो, नवीन सेन्सर आणायच्या आधी त्याचा कनेक्टर काढून बघा, आत ऑइल शिरलंय का, पिन सैल आहे का, वायर कुठे एक्झॉस्टला टेकून वितळलीये का. निम्म्या वेळा सेन्सर चांगला आणि कनेक्टर सैल असं निघतं.

आरपीएम व्यवस्थित दिसत असेल तर दुसऱ्या आकड्याकडे या, कूलंटचं तापमान. घाट चढून आलेल्या गाडीला ८५ ते १०० च्या मधलं काहीतरी दिसायला पाहिजे. तिथे २० किंवा ३० किंवा उणे ४० असलं काही दिसलं तर ईसीयूला वाटतंय की आपण मनालीत उभे आहोत, मग तो गार इंजिनला देतात तसं भरपूर पेट्रोल ओततो आणि तापलेल्या इंजिनचे प्लग भिजवून टाकतो. ओळखायची खूण अशी की सायलेन्सरपाशी कच्च्या पेट्रोलचा वास येतो. अशा वेळी ॲक्सिलरेटर पूर्ण तळापर्यंत दाबून धरा आणि तसाच सेल्फ मारा. इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांत असं केलं की ईसीयू इंजेक्टर बंद ठेवतो आणि नुसती हवा आत जाऊन जादाचं पेट्रोल बाहेर पडतं. असं करून गाडी खोकत खोकत सुरू झाली तर पेट्रोल जास्त होतंय हे पक्कं, मग टेंपरेचर सेन्सर नाहीतर गळका इंजेक्टर. सेन्सर तपासायचा असेल तर सकाळी रात्रभर उभ्या गाडीत कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान बघा, दोन्ही जवळजवळ सारखे पाहिजेत, त्यात २० डिग्रीचा फरक असेल तर एक जण खोटं बोलतोय.

दोन्ही आकडे बरोबर आणि पेट्रोलचा वासही नाही, तेव्हा कुठे पंपाची पाळी. किल्ली ऑन केली की मागच्या सीटखालून दोन सेकंद गूंऽऽ असा आवाज येतो तो ऐका. आवाज येतो पण तरी शंका असेल तर प्रेशर गेज लावून घ्या, अशा गाड्यांत साधारण ३ बार किंवा थोडं जास्त प्रेशर असतं. तुम्ही पंप बदललाच आहे तर तो प्रश्न बहुतेक मिटलाय, पण हे गेज आधी लावलं असतं तर ते पैसे वाचले असते एवढं मेकॅनिकला ऐकवायला हरकत नाही.

प्रश्न: सर, माझी गाडी सीएनजीवर आहे, कंपनी फिटेड नाही, बाहेरून किट बसवलंय. उन्हात दोन-तीन भाडी झाली की तिसऱ्या-चौथ्या वेळी सुरू व्हायला फार त्रास देते. कधी कधी सुरू होऊन लगेच बंद पडते. पेट्रोल मी शंभर-दोनशेचंच टाकतो कारण फक्त सुरू करायलाच लागतं. (टॅक्सीचालक, नागपूर)

उत्तर: शेवटच्या वाक्यात तुम्ही अर्धं उत्तर स्वतःच दिलंत. टाकीतला पंप पेट्रोलमध्ये बुडालेला असतो आणि तेच पेट्रोल त्याला गार ठेवतं, वंगणही तेच. शंभर-दोनशेच्या पेट्रोलमध्ये तो उघडा पडतो, त्यात नागपूरचा मे, ४५ डिग्री, पंप आतून भाजून निघतो. शिवाय महिनोन्‌महिने तेच पेट्रोल आत राहिलं की त्यातला हलका भाग उडून जातो आणि मागे जे उरतं ते इंजेक्टरला चिकटतं. पाव टाकी तरी कायम ठेवा आणि आठवड्यातून एखाद दिवस थोडी गाडी पेट्रोलवर चालवा, मीटरला परवडत नाही हे माहितीये पण पंपाला त्याहून जास्त लागतात.

तपासणीसाठी मात्र तुमच्याकडे एक सोय आहे जी नुसत्या पेट्रोलवाल्यांना मिळत नाही. बऱ्याच सीक्वेन्शियल किटमध्ये गॅसवर डायरेक्ट स्टार्ट करायची सोय असते, बटण दाबून धरायचं आणि किल्ली फिरवायची (तुमच्या किटची पद्धत फिटरला विचारा). गाडी हटली की तसं करून बघा. गॅसवर पटकन सुरू झाली तर दोष पेट्रोलच्या बाजूला, म्हणजे पंप, फिल्टर, इंजेक्टर. दोन्हीवर सुरू होत नसेल तर कराडच्या उत्तरातला क्रँक सेन्सर बघा. आणि पेट्रोलवर बरी पण गॅसवर मिसिंग करते असं असेल तर प्लग आणि कॉइल, कारण गॅस पेटवायला ठिणगी जास्त ताकदीची लागते.

अजून एक, किलोमीटर बरेच झाले असतील तर टॅपेट सेटिंग (व्हॉल्व्हच्या वरची फट जुळवणं) करून घ्या. गॅसवर चालणाऱ्या इंजिनात व्हॉल्व्हच्या सीट झिजतात, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेटचा गॅप कमी होत जातो. मग इंजिन गरम झालं की व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि कॉम्प्रेशन पडतं. हे स्कॅनरमध्ये कुठेच दिसत नाही, त्याला जुना हातच लागतो, फीलर गेजवाला (फट मोजायच्या पातळ पट्ट्या).

प्रश्न: आमची ऑटोमॅटिक गाडी आहे. बाजारातून येऊन परत निघताना किल्ली फिरवली की फक्त ‘टक्’ असा आवाज येतो, बाकी काही नाही. दिवे व्यवस्थित लागतात, हॉर्न जोरात. थोड्या वेळाने बरी होते. शेजारी म्हणतात धक्का मारा. (एक वाचक, मडगाव)

उत्तर: धक्का मारून ऑटोमॅटिक सुरू होत नाही, शेजाऱ्यांना चहा पाजा आणि घरी पाठवा. तुमचं प्रकरण कराडच्या बरोबर उलटं आहे, इथे सेल्फच फिरत नाहीये. ‘टक्’ म्हणजे सेल्फवरचा सोलेनॉइड (मोटरला करंट जोडणारा चुंबकी स्विच) हलतोय पण मोटरला करंट नीट पोचत नाहीये. दिवे लागतात म्हणून बॅटरी चांगली असं धरू नका, दिव्याला ५-१० अँपिअर पुरतात, सेल्फला शंभर-दीडशेच्या पुढे लागतात.

गरम झाल्यावरच का, तर तांब्याचा रेझिस्टन्स दर डिग्रीला साधारण ०.४ टक्क्याने वाढतो, म्हणजे तापमान ७५ डिग्रीने चढलं की सोलेनॉइडच्या वेटोळ्याचा रेझिस्टन्स जवळजवळ ३० टक्के वाढला, त्यामुळे करंट कमी आणि ओढही कमी. नवीन गाडीत हे चालून जातं. जुन्या गाडीत केबलचं टोक गंजलेलं, अर्थिंगचा नट सैल, सोलेनॉइडच्या आतले कॉन्टॅक्ट जळलेले, सेल्फचे बुश झिजलेले, हे सगळं मिळून त्याचा जीव जातो. गोव्याची खारी हवा त्यात भर घालते.

ऑटो इलेक्ट्रिशियनकडे मीटर असतो, त्याला म्हणा गाडी हटलेली असताना सेल्फ मारून दोन ठिकाणी व्होल्टेज बघ. पहिलं, बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिनच्या लोखंडापर्यंत, ०.२ व्होल्टच्या वर नको. दुसरं, बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून सेल्फच्या मोठ्या बोल्टपर्यंत, ०.५ च्या वर नको. जिथे जास्त दिसेल ती केबल काढायची, टोकं घासायची, घट्ट करायची. दोन्हीकडे ठीक असेल आणि सेल्फ मारताना बॅटरी पण १० व्होल्टच्या वर राहत असेल तरच सेल्फ खाली उतरवायचा. आधी उतरवून ‘सेल्फ रिपेअर’चं बिल करणारे बरेच आहेत, आणि गंमत म्हणजे उतरवून परत बसवताना नट घट्ट होतात म्हणून गाडी दोन महिने बरी चालते.

प्रश्न: डिझेल गाडी, १ लाख ६० हजार किमी. गार असताना अर्ध्या सेल्फला सुरू, हायवेवर टोलच्या पुढे जेवायला थांबलो की पंधरा-वीस सेकंद सेल्फ मारावा लागतो. पंक्चरवाल्याने धक्का मारून दिला तर लगेच सुरू झाली! (एक वाचक, नाशिक)

उत्तर: धक्क्याने लगेच सुरू होते ही फार मोलाची माहिती दिलीत. कॉमन रेल डिझेलमध्ये रेलमध्ये (सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणारा सामाईक पाइप) ठरावीक प्रेशर तयार झाल्याशिवाय ईसीयू इंजेक्टर उघडतच नाही, हे प्रेशर साधारण २०० बारच्या आसपास लागतं. इंजेक्टर आतून झिजले की त्यातलं डिझेल जळायला न जाता रिटर्नच्या पाइपातून परत टाकीकडे पळतं. गार डिझेल जाडसर असतं म्हणून सकाळी गळती कमी, तापलेलं डिझेल पातळ म्हणून दुपारी जास्त. सेल्फच्या वेगाने पंप जेवढं भरतो तेवढं मागे गळतं, आणि धक्क्याने इंजिन जास्त वेगात फिरलं की पंपाचं पारडं जड होतं.

रिटर्न टेस्ट करून घ्या. चारही इंजेक्टरच्या रिटर्नला एकेक नळी लावून चार बाटल्यांत सोडायची, इंजिन गरम पाहिजे, आणि कुठली बाटली आधी भरते ते बघायचं. एकच बाटली पुढे पळत असेल तर तो एक इंजेक्टर करा, चारही बदला म्हणणाऱ्याचं ऐकू नका. चारही बाटल्या सारख्याच कमी भरत असतील तर मग हाय प्रेशर पंप आणि रेलवरचा व्हॉल्व्ह. अर्थात सेल्फच मंद फिरत असेल तरी हीच लक्षणं दिसतात, म्हणून आधी मडगावचं उत्तर वाचा, ते स्वस्तात होतं. आणि कोणी एअर फिल्टरमध्ये स्टार्टिंगचा स्प्रे मारायला लागला तर हात धरा, ग्लो प्लग (सिलिंडर आतून तापवणारा प्लग) तापलेला असताना तो स्प्रे नको तिथे पेटतो.

प्रश्न: गाडी इतर वेळी कधीच त्रास देत नाही. फक्त पेट्रोल भरलं की पंपावरच सुरू होत नाही! मागे रांग लागते, लोक हॉर्न वाजवतात. पेट्रोलमध्ये भेसळ आहे का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर: भेसळ असती तर पाइपातलं जुनं पेट्रोल संपेपर्यंत गाडी चालली असती आणि पुढच्या सिग्नलला बंद पडली असती. तुमचा दोष पर्ज व्हॉल्व्हमध्ये आहे असं मला जवळजवळ खात्रीने वाटतं. टाकीतली पेट्रोलची वाफ कोळशाच्या डब्यात साठते आणि हा छोटा व्हॉल्व्ह ती थोडी थोडी इंजिनला पाजतो. तो उघडाच अडकला तर टाकी भरताना ढकलली गेलेली सगळी वाफ सरळ इंजिनात जाते आणि मिश्रण इतकं दाट होतं की पेटत नाही. व्हॉल्व्हचं कनेक्टर काढून त्यात फुंकर मारा, करंट नसताना हवा आरपार जायला नको, गेली तर तो बदला, दोन क्लिप आणि एक प्लग एवढंच काम आहे. तोपर्यंत पंपावर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारा. आणि नोझलने ऑटोकट केल्यावर ‘राउंड फिगर करा’ म्हणून अजून टाकायला लावू नका, ते जादा पेट्रोल त्या कोळशाच्या डब्यात जातं.

प्रश्न: वडिलांची कार्बोरेटरवाली ८०० अजून ठेवलीये, हौस म्हणून. उन्हाळ्यात बंद केली की परत सुरू होत नाही. पंपावर ओलं फडकं टाकायचं असं ऐकलंय, ते खरं का? (एक वाचक, सांगली)

उत्तर: खरं आहे, मुंबईतले पद्मिनी टॅक्सीवाले हेच करायचे, पण तुमचं दुखणं दोन्हींपैकी कुठलं आहे त्यावर ते अवलंबून आहे. पेट्रोल ४० डिग्रीच्या आसपासच उकळायला लागतं. पाइपात किंवा पंपात वाफ झाली तर कार्बोरेटरला पेट्रोलच पोचत नाही, तिथे ओलं फडकं चालतं. पण बऱ्याचदा उलटं होतं, कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उकळून खाली इंजिनात सांडतं आणि इंजिन बुडतं, तिथे फडक्याने काही होणार नाही. एअर फिल्टरचं झाकण काढून वास घ्या, पेट्रोलचा भपकारा आला तर बुडालंय. मग चोक अजिबात ओढायचा नाही, ॲक्सिलरेटर एकदाच हळू पूर्ण दाबून तसाच धरायचा आणि सेल्फ मारायचा. पंपासारखा पाय वरखाली केलात तर ॲक्सिलरेटर पंप अजून पेट्रोल फवारतो.

कायमचं करायचं असेल तर कार्बोरेटरच्या खालचं उष्णता अडवणारं जाड पॅकिंग शाबूत आहे का बघा, मागच्या एखाद्या ओव्हरहॉलमध्ये कोणीतरी ते काढून साधं कागदी पॅकिंग टाकलेलं असतं. फ्लोटची (वाटीत पेट्रोल किती भरायचं ते ठरवणारा तरंगता भाग) लेव्हल पण बघून घ्या. आणि पेट्रोलचा पाइप एक्झॉस्टच्या जवळून जात असेल तर क्लिप मारून बोटभर लांब करा.